सुरी कीं कुऱ्हाड?

रानांत जाऊन आपल्या हातानें पेटविलेल्या विस्तवावर भात शिजविण्याची हौस अलीकडे आपल्या घरांतील मुलांना पुष्कळच लागली आहे, आणि ती इष्टच आहे. आपल्या परंपरेला ती नवीनही नाहीं. गुरूकडे जाणाऱ्या शिष्याला उपनिषदांनीं 'समित्पाणि' म्हटलें. म्हणजे विद्येच्या दारांत तो हातांत इंधन घेऊनच उभा राही. सांदीपनींच्या आश्रमांत असतां कृष्ण व सुदामा हे दोघे गुरुपत्नीच्या आज्ञेनें लांकडें आणावयास गेले आणि वादळांत सांपडले, ही कथा तर घरोघरीं ठाऊक आहे. मात्र लांकूड फोडावें कशानें, हा प्रश्न त्या कथेंत येत नाहीं. तो आमच्या घरीं गेल्या दिवाळीच्या सुटींत आला.

इयत्ता नववींत शिकणारा आमचा नातू चार मित्रांसह मावळांतील एका परिचितांच्या शेतांत तंबू ठोकून दोन रात्री राहावयाचा होता. त्याच्या पिशवींत स्वीडन देशांतील मोरा गांवची एक सुरी होती. "आजोबा, कुऱ्हाडीचें ओझें कशाला? सुरीच्या पाठीवर दांडकें मारलें कीं लांकूड सरळ दुभंगतें," असें त्यानें आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगितलें. आम्हीं तें मुकाट्यानें ऐकून घेतलें. कुऱ्हाडीचें नांव आमच्या घरांत सहसा निघत नाहीं; त्याचें कारण पुढें सांगूं.

प्रथम, लांकूड फोडावें तरी कां? ज्यांच्या घरीं एके काळीं तांब्याचा बंब होता, त्यांना हें सांगावयास नको. बंबाच्या नळींत अखंड ओंडका जात नाहीं, आणि गेला तरी पेटत नाहीं. आमचे वडील रविवारीं सकाळीं परसांत बसून आठवड्याच्या ढलप्या फोडून ठेवीत. फोडलेल्या लांकडाला कडा येतात, त्याचा अधिक भाग हवेला उघडा होतो, आणि म्हणून तें लवकर पेट घेतें. दुसरेंही एक कारण आहे. पावसानें भिजलेलें वाळकें लांकूड बहुधा वरवरच ओलें असतें. आंतला गाभा कोरडा राहतो. तो कोरडा गाभा उघडा करणें, हेंच रानांत लांकूड फोडण्याचें मुख्य प्रयोजन होय.

सुरी असो वा कुऱ्हाड, या कामीं दोन्ही वस्तुतः पाचरीचेंच कार्य करतात. लांकडाचे तंतू उभे असतात. ते आडवे कापणें कठीण, परंतु एकमेकांपासून विलग करणें सोपें. सुरीनें फोडतांना पातें लांकडाच्या माथ्यावर आडवें ठेवावें आणि त्याच्या पाठीवर हातभर दांडक्यानें ठोकावें. पातें आंत शिरलें कीं बाहेर डोकावणाऱ्या टोंकावर ठोकीत जावें. यावरून सहज कळेल कीं, लांकडाची जाडी पात्याच्या लांबीहून कमीच पाहिजे. दहा-बारा सेंटिमीटर पात्याच्या सुरीनें सात-आठ सेंटिमीटरांपलीकडे जाऊं नये. पातें जाड असावें, आणि मुठींत शिरणारी त्याची शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी. नाहींतर ऐन वेळीं मूठ हातांत आणि पातें लांकडांत, असा प्रसंग येतो. घडीच्या चाकूनें तर हा उद्योग कदापि करूं नये.

ही रीत उत्तरेकडील अरण्यांत शोभते. स्वीडन, फिनलंड, कानडा या देशांतील पाइन, स्प्रूस, बर्च यांचें लांकूड बहुतांशीं सरळ रेषांचें आणि मऊ असतें. कानडांतील रानविद्येचे शिक्षक मॉर्स कोचान्स्की यांनीं आपल्या ग्रंथांत सुरी व दांडकें यांच्या उपयोगाचें विवेचन केलें आहे. परंतु कुऱ्हाडीचें महत्त्वही त्यांनीं तितकेंच मानलें. त्यांच्या फार पूर्वीं, १८८४ सालीं, अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांनीं 'नेसमक' या टोपणनांवानें वनवासावर पुस्तक लिहिलें. ते एक लहान दुधारी कुऱ्हाड, एक पातळ सुरी आणि एक खिशांतील चाकू अशीं तीन हत्यारें बाळगीत. ओझें कमी करण्याचा त्यांचा मोठा कटाक्ष होता. तरी कुऱ्हाड त्यांनीं टाकली नाहीं.

कुऱ्हाडीचें बळ तिच्या वजनांत आणि वेगांत आहे. वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. जें लांकूड सुरीला वीस टोल्यांनीं दाद देत नाहीं, तें कुऱ्हाड दोन घावांत उकलते. शिवाय सुरीच्या पोलादाला धार टिकावी म्हणून कडक पाणी दिलेलें असतें. त्यामुळें आघातानें तिचें पातें दांतरूं शकतें. कुऱ्हाडीला त्या मानानें मऊ पाणी असतें, म्हणून ती मार सोसते. पण जें बळ लांकूड फोडतें, तेंच बळ पाय फोडतें.

आतां तें कारण. १९९६ सालच्या डिसेंबरांत आम्ही शाळेंतील बत्तीस मुलांचें शिबिर सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका आमराईंत घेऊन गेलों होतों. आठवड्याच्या बाजारांतून हातभराहूनही आंखूड दांड्याची एक कुऱ्हाड आम्हींच विकत घेतली. लहान मुलांना लहान हत्यार बरें, असा आमचा समज. आठवींतील एक मुलगा उभ्यानें बाभळीचें लांकूड फोडीत होता. घाव गांठीवर बसला, कुऱ्हाड निसटली आणि त्याच्या नडगींत शिरली. जखम स्वच्छ धोतरानें घट्ट दाबून आम्हीं त्याला बैलगाडींतून डॉक्टरांकडे नेलें. अकरा टांके पडले. त्याच्या आईनें आम्हांस एवढेंच विचारलें, "गुरुजी, तुम्ही तेव्हां कोठें होतां?" आम्ही वीस पावलांवर झाडाखालीं बसून दुसऱ्या मुलांना सुभाषित समजावून देत होतों. उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. ती कुऱ्हाड गोणपाटांत गुंडाळून माळ्यावर गेली, आणि पुढें निवृत्त होईपर्यंत आमच्या प्रत्येक शिबिरांत गॅसची शेगडीच राहिली.

पुष्कळ वर्षांनीं आम्हांस उमगलें कीं, आमचा समजच उलटा होता. लांब दांड्याची कुऱ्हाड हुकली तर ती बहुधा पायांपुढें जमिनींत रुतते. आंखूड दांड्याची कुऱ्हाड उभ्यानें चालविली तर तिचा फेरा नेमका नडगीवर येऊन संपतो. म्हणून आंखूड कुऱ्हाड गुडघे टेकूनच चालवावी, म्हणजे हुकलेला घाव मातींत जातो. खालीं जाड ओंडका घ्यावा आणि फोडावयाचें लांकूड त्याच्या पलीकडच्या कडेला ठेवावें. हात आणि कुऱ्हाड मिळून जेवढें अंतर भरेल, तेवढ्या वर्तुळांत दुसऱ्या कोणीं येऊं नये. सुरीचाही नियम आहे: मांड्यांच्या मध्यें धरून कांहीं कापूं नये, कारण तेथून मोठी रक्तवाहिनी जाते.

नातवाशीं वाद न घालतां आम्हीं त्याला परसांत नेलें. आंब्याची मनगटाएवढी वाळकी फांदी त्याच्या सुरीनें सहा-सात टोल्यांत दुभंगली. तो हंसला, आणि आम्हांसही कौतुक वाटलें. मग बाभळीचा गांठाळ तुकडा पुढें ठेवला. सुरी निम्मी जाऊन अडकली. ती सोडविण्यास आंब्याच्या ढलपीची पाचर मारावी लागली, आणि धारेला एक खांडा पडला तो पडलाच. आपल्याकडील बाभूळ, खैर, धावडा हीं लांकडें उत्तरेच्या पाइनसारखीं नव्हत, हें त्याला एका टोल्यांत कळलें. व्याख्यानानें कळलें नसतें. त्यानंतर आम्हीं माळ्यावरची कुऱ्हाड खालीं काढली.

आमचा निर्णय असा. अंगठ्याएवढ्या काटक्या हातानेंच मोडाव्या. दोन रात्रींचा स्वयंपाक पुष्कळदां तेवढ्यावर होतो. मनगटाएवढें, सरळ, बिनगांठीचें लांकूड सुरीनें फोडावें. त्याहून जाड किंवा गांठाळ असेल तर कुऱ्हाड घ्यावी. कोंकणांत हें मधलें काम कोयता करतो: त्याची धार लांकडावर टेकवून दोन्ही एकदम ओंडक्यावर आपटतात, आणि मोठा घाव घालावाच लागत नाहीं. लहान कुऱ्हाडीनेंही असेंच करावें. बांबू जाळावयाचा तर आधीं चिरून घ्यावा. अखंड पेर विस्तवांत फुटतें. राखीव जंगलांत लांकूड तोडणें वा विस्तव करणें १९२७ च्या वन कायद्यानें मना आहे. म्हणून मालकाच्या अनुमतीनें शेतांतच राहावें, आणि निघतांना राख हाताला थंड लागेपर्यंत पाणी ओतावें.

नातू गेला तेव्हां पिशवींत सुरी होती, हातांत कुऱ्हाड होती आणि बरोबर आम्ही होतों. दोन दिवसांत कुऱ्हाड अवघी दोनदां लागली. दोन्ही वेळां मुलगा गुडघे टेकून बसला होता आणि आम्ही वर्तुळाबाहेर उभे होतों. त्या वेळीं आम्हीं कोणालाही सुभाषित सांगितलें नाहीं. १९९६ चा तो विद्यार्थी आज संसारी गृहस्थ आहे. भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि आमची दृष्टि अजूनही त्याच्या नडगीकडे जाते. आईबापांना आमची एकच विनंति आहे: हत्यार कोणतें द्यावें याचा विचार अवश्य करा, पण मुलगा तें पहिल्यानें चालवील तेव्हां आपण कोठें असूं, हें आधीं ठरवा.