ॲडिसनचा आजार : उशिरा होणारे निदान आणि जन्मभराचे उपचार

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर प्रत्येकी चार-पाच ग्रॅम वजनाची एकेक अधिवृक्क ग्रंथी असते आणि तिच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन ही दोन संप्रेरके, म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांचे काम चालवणारी द्रव्ये, तयार होतात. कॉर्टिसॉल रक्तदाब आणि रक्तातील साखर टिकवून धरते आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी कित्येक पटींनी वाढून शरीराला तग धरण्याचे बळ देते, तर अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडे मीठ राखून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. लंडनच्या गायज रुग्णालयातील वैद्य थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ११ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा या ग्रंथी नेमके काय करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. विलक्षण थकवा, क्षीण नाडी, बिघडलेले पोट आणि काळवंडत जाणारी त्वचा हा लक्षणांचा समूह आणि शवविच्छेदनात आढळलेल्या खराब ग्रंथी यांचा संबंध त्यांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर जोडला, आणि पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी या ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत हे पॅरिसमध्ये प्रयोगाने दाखवले.

हा आजार विरळ आहे. युरोपातील पाहण्यांनुसार तो दर दहा लाख लोकांत साधारण शंभर ते दीडशे जणांना असतो. मात्र निदानाला होणाऱ्या विलंबाचे खरे कारण त्याच्या विरळपणात नसून त्याच्या लक्षणांच्या सर्वसामान्यपणात आहे, कारण अशक्तपणा, वजन घटणे, मळमळ, भूक मंदावणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे यांपैकी प्रत्येक तक्रारीला घरोघरी एखादे ठरलेले स्पष्टीकरण असते. रुग्ण कधी आम्लपित्ताच्या गोळ्या घेतो, कधी टॉनिक घेतो, आणि फारच गळून गेला की गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून घेतो. या सलाइनने त्याला खरोखर बरे वाटते आणि घोटाळा इथेच होतो. शरीरातून सतत वाहून जाणारे मीठ आणि पाणी त्या बाटलीतून तात्पुरते भरून निघते, रक्तदाब सावरतो आणि काही दिवस बरे जातात. त्यामुळे सलाइन मानवते म्हणजे अशक्तपणाच होता, अशी रुग्णाची आणि डॉक्टरांचीही समजूत होते. वारंवार सलाइन घ्यावे लागणारा, दिवसेंदिवस वाळत चाललेला आणि खारट पदार्थांची अनावर ओढ असलेला माणूस समोर आला, तर त्याच्या रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम एकदा तरी मोजून पाहिलेच पाहिजे. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ही जोडी या आजाराकडे स्पष्ट बोट दाखवते, आणि ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही सहज होऊ शकते.

त्वचा काळवंडण्याचे कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत आहे. कॉर्टिसॉल कमी पडू लागले की अधिवृक्क ग्रंथीला चेतवणारे एसीटीएच हे संप्रेरक पीयूषिका अधिकाधिक प्रमाणात सोडू लागते, आणि त्याचा परिणाम त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवरही होतो. गोऱ्या त्वचेवर हा बदल चटकन दिसतो. सावळ्या माणसाच्या बाबतीत मात्र तो उन्हाच्या माथी मारला जातो. म्हणून अशा रुग्णाच्या हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू, तळहाताच्या रेषा, बोटांची पेरे आणि अलीकडचे व्रण पाहावे लागतात, कारण तोंडाच्या आतल्या भागाला ऊन लागत नाही. याउलट बिघाड पीयूषिकेतच असेल, तर एसीटीएच कमी असल्याने त्वचा काळी पडत नाही, आणि अल्डोस्टेरॉन मुख्यतः दुसऱ्या यंत्रणेवर चालत असल्याने पोटॅशियमही वाढत नाही. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाल्यामुळे पीयूषिकेचा भाग मरतो, तो शीहान विकार याच प्रकारचा असून भारतात त्याचे रुग्ण आजही आढळतात. बाळंतपणानंतर दूध आले नाही आणि पाळी परत सुरू झाली नाही, एवढी माहिती आपुलकीने विचारून घेतली, तर दहा-पंधरा वर्षे रेंगाळलेले निदान काही मिनिटांत दृष्टिपथात येऊ शकते.

संशय आला की सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात, कारण निरोगी माणसात ते त्या वेळी सर्वाधिक असते. ते एका डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी भरले तर निदान जवळजवळ निश्चित होते. मधल्या आकड्यांसाठी २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या ते एका तासाने ग्रंथीचा प्रतिसाद तपासतात. पाश्चात्त्य देशांत ग्रंथी निकामी होण्याचे प्रमुख कारण स्वयंप्रतिरोध, म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच स्वतःच्या ऊतींवर केलेला हल्ला, हे आहे. त्यासोबत थायरॉइडचा विकार, पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा कोडही असू शकते. भारतात मात्र क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग यांचा विचार अगत्याने करावा लागतो, आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या तर त्यांतील तुकडा तपासण्याची वेळ येते.

दोन औषधांबाबत विशेष सावधगिरी लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील कॉर्टिसॉलचे विघटन वेगाने घडवून आणते, त्यामुळे ग्रंथी आधीच दुबळ्या झालेल्या रुग्णाला क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ग्लानी आणि उलट्यांनी गाठले, तर ते केवळ गोळ्या न मानवण्याचे लक्षण समजून चालत नाही. थायरॉइडची गोळीही कॉर्टिसॉलची उणीव भरून काढण्याआधी दिली, तर उरलेसुरले कॉर्टिसॉल लवकर खर्ची पडून रुग्ण संकटात सापडू शकतो.

कॉर्टिसॉलच्या उणिवेचा एक प्रकार तर माणसानेच ओढवून घेतलेला असतो आणि तो मूळ ॲडिसनच्या आजारापेक्षा कितीतरी अधिक आढळतो. सांधेदुखीवर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये बऱ्याचदा कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टेरॉइड मिसळलेले असते. ते महिनोन्‌महिने पोटात गेले की पीयूषिका एसीटीएच सोडणे थांबवते, अधिवृक्क ग्रंथी आकसतात, आणि पुड्या अचानक बंद केल्यावर शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसॉल नसते. चेहरा सुजून गोल झालेला आणि तरीही आतून कॉर्टिसॉलची तूट असलेला हा रुग्ण निदानाच्या दृष्टीने फसवा असतो. अशा पुड्या विकणाऱ्यांवर कठोर कारवाई होत नाही, ही खेदाची बाब आहे.

मूळ आजारावरील उपचार साधे आहेत. कॉर्टिसॉलची जागा घेऊ शकणाऱ्या कॉर्टिसोनच्या शोधाआधी बहुतेक रुग्ण निदानानंतर थोड्याच वर्षांत दगावत. त्या शोधासाठी केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर या आजाराचे भवितव्यच पालटले. आज कॉर्टिसॉलच्या जागी दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन भागांत, त्यातला मोठा वाटा सकाळी, आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनची छोटी गोळी घेऊन रुग्ण नोकरी, शेती, संसार सारे काही करू शकतो. अडचण येते ती ‘स्टेरॉइड’ या नावाच्या भीतीने. नातेवाईक गोळ्या बंद करण्याचा सल्ला देतात, पण शरीर जे बनवत होते तेच आणि तेवढेच इथे बाहेरून पुरवले जात असल्याने, मोठ्या मात्रेचे दुष्परिणाम या मात्रेला लागू होत नाहीत. गोळी थांबवणे मात्र जिवावर बेतू शकते. घरात कोणाला रक्तदाब असल्यास सगळा स्वयंपाक अळणी होतो, तोही या रुग्णाला सोसत नाही, आणि कडक उन्हातल्या श्रमांत किंवा पायी वारीत घामावाटे मीठ गेले की ते भरून काढावे लागते. निर्जळी उपवास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

ताप आल्यास त्या दिवसांपुरती हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करायची, हा नियम रुग्णाबरोबर घरच्यांनाही पाठ हवा. गोळी उलटून पडत असेल, तर पोटात ठरणारे औषध उरत नाही आणि काही तासांत रक्तदाब कोसळून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. पोटदुखी आणि उलट्यांमुळे हे संकट जुलाब-वांत्यांची साथ किंवा आंत्रपुच्छाचा दाह समजले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि भरपूर सलाइन लगेच द्यायचे असते, तपासणीचे निकाल नंतर आले तरी चालतात. दमा आणि ॲलर्जीसाठी हे इंजेक्शन एरवीही वापरात असल्याने लहान दवाखान्यांतही ते मिळण्यासारखे असते, पण ते या रुग्णाला हवे आहे हे तिथल्या डॉक्टरांना कळणार कसे, हा प्रश्न उरतो. त्यासाठी आजाराचे नाव, रोजची मात्रा, ‘उलट्या किंवा शुद्ध हरपल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम तत्काळ टोचावे’ ही सूचना आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक मराठीत व इंग्रजीत लिहिलेले कार्ड रुग्णाच्या खिशात कायम असावे, आणि घर दवाखान्यापासून लांब असेल तर इंजेक्शनची कुपी घरीच ठेवून ती मांडीत कशी टोचायची हे घरातल्या किमान एका माणसाने शिकून घ्यावे.