‘नैसर्गिक ओझेम्पिक’ खरंच आपल्या स्वयंपाकघरात असतं का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातला फापटपसारा काढलाय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला. सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज, सगळीकडून प्रश्न साधारण एकच: “ताई, वजनाची ती इंजेक्शनं महाग आहेत, भीतीही वाटते. त्याऐवजी काही नैसर्गिक आहे का?” मी डॉक्टर नाही, हे नेहमीप्रमाणे आधी सांगते. आणि उत्तरही आधीच सांगून टाकते. या इंजेक्शनच्या जागी ठेवता येईल अशी एकही वनस्पती आजवर सापडलेली नाही. पण आपल्या दोन जिल्ह्यांच्या शेतात जे पिकतं, त्यातलं काही खरोखर कामाचं आहे. ते कोणत्या कामाचं, एवढं नीट समजून घेऊ.

इंजेक्शन करतं काय?

आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला सांगतं ‘आता पुरे’, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि साखर वाढली असेल तर इन्शुलिनला हाक मारतं. म्हणजे ‘नैसर्गिक’ जीएलपी-१ आपल्या सगळ्यांकडे आहेच. अडचण अशी, की त्यातलं निम्मं दोनेक मिनिटांत नाहीसं होतं. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोवीमधलं औषध, हे त्याच संप्रेरकाचं बदललेलं रूप. ते निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्याला एक सुई पुरते. मौंजारोमधलं टिर्झेपटाइड अशा दोन संप्रेरकांचं काम एकत्र करतं. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी जून २०२५ मध्ये.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं. नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्या आत. पुढे औषध थांबवलेल्यांवर लक्ष ठेवलं, तर उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश वर्षभरात परत आलं. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. परिणाम मोठा आहे आणि तो औषध चालू असेपर्यंतचा आहे.

आता आपला डबा उघडू

सुरुवात सांगलीच्या हळदीपासून. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान आहे. आमटीतली हळद बिनधास्त खा. पण ‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल वेगळ्या. त्यात हळदीचा अर्क असतो आणि तो शरीरात जास्त शोषला जावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्याचा अर्कही घालतात. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा हळद-पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातला एक दगावला. असं क्वचित होतं, पण वजन उतरवण्याचा ठोस पुरावा नसताना हा धोका घ्यायचा कशाला?

दुसरी दारुहळद. नावात हळद असली तरी झाड पूर्ण वेगळं. समाजमाध्यमांवर ज्या बर्बेरिनला ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ म्हणतात ते दारुहळदीत असतं, सांगलीच्या हळदीत नसतं. त्याच्या चाचण्या बहुतेक छोट्या आहेत आणि वजनातली घट एक-दोन किलोंच्या आसपास. शिवाय इतर गोळ्यांच्या कामात ते ढवळाढवळ करतं. गरोदरपणात तर घेऊच नये.

तिसरं कोकम. घाटाखालून येणाऱ्या कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. त्याच्याच जातभाईच्या, गार्सिनिया कॅम्बोजियाच्या, गोळ्या जगभर विकल्या गेल्या. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. गोळी आणि खोटी गोळी यांत फरक दिसला नाही. सोलकढी चवीसाठी प्या.

चौथं मध, गूळ, बेदाणे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. मध उत्तम, पण मोठ्या चमचाभर मधात साठेक कॅलरी असतात. ‘सकाळी मध-लिंबूपाणी’ घेऊन चरबी वितळत नाही. साखरेऐवजी गूळ घेतला तरी कॅलरीत फारसा फरक पडत नाही.

मग उपयोगी काय?

कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आणि माण-खटाव, आटपाडी, जतची ज्वारी. वाळलेल्या घेवड्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि भरपूर तंतू. ज्वारीत १०० ग्रॅममागे दहाच्या आसपास ग्रॅम तंतू, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. हे तंतू मोठ्या आतड्यात आंबतात, त्यातून तयार होणारी आम्लं जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींना जागं करतात. प्रथिनांमुळेही पोट भरल्यासारखं वाटतं. हा परिणाम औषधाच्या जवळपासही जात नाही, हे खरं. पण तो रोज जेवताना मिळतो, वर्षानुवर्षं मिळतो.

एक मात्र सांगते. ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाइतक्याच कॅलरी असतात. चार भाकरी आणि वर तेलाची तर्री घेऊन ‘मी ज्वारी खातो’ म्हणण्यात अर्थ नाही. दीड-दोन भाकरी, वाटीभर घेवडा, ताटात अर्धी जागा भाजीला, असं जमवा.

आणि चालणं. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, सांगलीत कृष्णेचा घाट आहे, जिमची फी लागत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांमध्ये आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गटात २६.४ टक्क्यांनी. आणि वजन तर फारसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा हलला नाही तरी शरीरात काम चालू असतं. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली तर तपासणी करून घ्या.

इथे जपा

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक जेवण निम्म्यावर आणलं, उपवास धरला किंवा वरून बर्बेरिन घेतलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर खायची. बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. थायरॉइडची गोळी घेत असाल तर इसबगोल आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा.

दुसरं, ‘शंभर टक्के हर्बल’ पुड्या. सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं. तरी जगभरात हर्बल म्हणून विकलेल्या उत्पादनांत तेच लपवलेलं पुन्हापुन्हा सापडलंय. लेबलवर घटक नाहीत, ‘महिन्यात दहा किलो’ असा दावा आहे, तर ती पुडी घरात आणू नका.

आणि ज्यांना औषध हवंच आहे?

बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत रक्तदाब, मधुमेहासारखा आजार, अशांसाठी ही औषधं आहेत. लठ्ठपणा हा आजार आहे आणि औषध घेणं म्हणजे आळस नव्हे. सुनेला, भावाला ‘जिभेवर ताबा नाही म्हणून सुया घेतोस’ असं टोचून बोलू नका. डॉक्टरांनी सुरू केलेलं इंजेक्शन कुणाच्या काढ्यासाठी परस्पर बंदही करू नका. घेवडा, भाकरी, चालणं इंजेक्शनबरोबरही लागतंच. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जास्त झिजतात.

तुमच्याकडे कोणती ‘नैसर्गिक’ पुडी विकायला आली असेल, तर तिच्या मागच्या लेबलचा फोटो पाठवा. पुढच्या भागात आपण लेबल वाचायला शिकू. तोवर, काळजी घ्या.