वासरू, पशुधन आणि निर्यातीची परिभाषा

जिवंत जनावरांच्या, विशेषतः वासरांच्या, समुद्रमार्गे होणाऱ्या निर्यातीचा प्रश्न सामान्यतः पशुवैद्यक, व्यापार व कायदा यांच्या कक्षेतील मानला जातो. भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालावे कशासाठी, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु या वादातील निर्णायक मुद्दा पुष्कळदा व्याख्येचा असतो. आणि व्याख्या करणे म्हणजे शब्दाने कोणता भेद राखावा व कोणता पुसावा हे ठरविणे होय. प्रस्तुत टिपणात या एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मराठीतील व्यवस्था पाहू. 'वासरू' हा शब्द संस्कृत 'वत्सरूप' या शब्दापासून आला. 'वत्स' शब्दाचे नाते 'वत्सर', म्हणजे वर्ष, या शब्दाशी असून लॅटिनमधील 'विटुलुस' (वासरू) हा त्याचा सगोत्र मानतात. वयाची जाणीव ही अशी शब्दाच्या मुळातच आहे. 'लेकरू', 'कोकरू', 'शिंगरू' यांच्याच पंक्तीत तो बसतो. लिंगभेद दाखवावयाचा झाल्यास कालवड व गोऱ्हा हे शब्द येतात. म्हशीचे ते पारडू किंवा रेडकू. सोलापूर जिल्ह्यातील खिलार जनावरांच्या बाजारात पक्के दात न आलेला खोंड 'आदत', दोन दातांचा 'दुसा', चार दातांचा 'चौसा' ठरतो. तान्हे वासरू आणि दूध तुटलेले वासरू हा भेद तर गोठ्यात वावरणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतो.

व्यापाराच्या परिभाषेत हे सर्व भेद एका समूहवाचक नामात विरून जातात. जनावराकडे मालमत्ता म्हणून पाहण्याची दृष्टी नवी आहे, असे मात्र नव्हे. इंग्रजीतील 'कॅटल' आणि 'कॅपिटल' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळापासून निघाले आहेत, आणि आपला 'पशुधन' हा शब्दही तीच साक्ष देतो. फरक इतकाच की, गोठ्यातील धनाचे वय व अवस्था धन्यास ठाऊक असते. जहाजाच्या कागदपत्रांत उरते ती संख्या.

आपल्याकडे हा प्रश्न दोनदा ठळकपणे पुढे आला. २०१८ च्या जूनअखेर नागपूरहून शारजा येथे शेळ्यामेंढ्या विमानाने पाठविण्याचा बेत जैन समाजाच्या व प्राणिमित्रांच्या विरोधामुळे थांबला. पुढे जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने १८९८ च्या पशुधन आयात अधिनियमाच्या जागी आणावयाच्या विधेयकाचा मसुदा प्रसृत केला. जुना कायदा आयातीपुरता होता. नव्या मसुद्यात निर्यातही आली, आणि 'पशुधन' या संज्ञेत गुरे, शेळ्यामेंढ्या यांच्याबरोबर श्वान व मार्जार वर्गातील प्राणीही आले. सजीवास विक्रेय वस्तू लेखले जात आहे, असा आक्षेप सर्वत्र घेतला गेला व त्याच महिन्यात मसुदा मागे घेण्यात आला. हा वाद केवळ भावनेचा होता असे म्हणून तो बाजूस सारणे योग्य नव्हे. संज्ञेच्या व्याप्तीविषयीचा तो आक्षेप होता.

संज्ञेतून अवस्थाभेद गळाल्यास काय घडते, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून कळते. दुग्धव्यवसायात नर वासरू निरुपयोगी ठरते. म्हणून तेथील काही आठवड्यांची वासरे मालमोटारींत भरून, मोटारींसह जहाजावर चढवून, रॉसलेअरहून फ्रान्समधील शेरबुर्ग येथे नेतात. हा जलप्रवास सुमारे अठरा तासांचा आहे. या वासरांना लागते कोमट दूध; मोटारीत ते पाजण्याची सोय नसते. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमाने तान्ह्या वासरांसाठी नऊ तास प्रवास, एक तास विश्रांती व पुन्हा नऊ तास प्रवास अशी मर्यादा घातली. मात्र दूधच पाजता येत नसेल तर त्या विश्रांतीस अर्थ उरत नाही. नियमात 'तान्हे' हे विशेषण आहे, वाहनाच्या रचनेत त्याला स्थान नाही.

मोठ्या जनावरांचीही स्थिती फारशी निराळी नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनकडे निघालेले 'गल्फ लाइव्हस्टॉक १' हे जहाज जपानजवळ वादळात बुडाले. त्यावर ४३ खलाशी व सुमारे ५,८०० गाई होत्या. न्यूझीलंडने एप्रिल २०२३ अखेर गुरांची समुद्रमार्गे निर्यात बंद केली. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्याने कत्तलीसाठी व पुष्ट करण्यासाठी होणारी निर्यात निषिद्ध ठरविली. या कायद्याची व्याख्या लक्षणीय आहे: त्यात प्राण्यांचे वर्ग नावानिशी दिले असून प्रवासाचा हेतूही सांगितला आहे.

भारताच्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्याची वाहतूक करणे हा गुन्हा आहे. परंतु वेदना 'अनावश्यक' केव्हा, हे प्राण्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. ज्या प्रवासात दुसा टिकेल त्यात तान्हे वासरू टिकेलच असे नाही. निर्यातीचा मसुदा पुन्हा पुढे आल्यास त्याच्या मराठी अनुवादकाने व परीक्षकाने 'पशुधन' या एका शब्दावर समाधान मानू नये. वय, दूध व प्रवासाचा हेतू दाखविणारे शब्द आपल्या बोलींत सिद्ध आहेत. सांगोला व पंढरपूर येथील जनावरांच्या बाजारांतून ते अर्थासह संकलित करणे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे. कोशास त्याचा उपयोग होईलच, कायद्यासही व्हावा.