इंचाचा आणि डॉलरचा हिशेब

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा पडला. त्यामुळे शिकारी रायफल म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातली, काचेच्या कपाटातली, अक्रोडाच्या दस्त्याची विलायती बंदूक. अमेरिकेत चित्र निराळे आहे. हरणाची शिकार तिथे केवळ धनिकांचा शौक नव्हे. ट्रक चालवणारा, गॅरेजात राबणारा, शाळेत शिकवणारा माणूस परवाना काढतो आणि नोव्हेंबरच्या थंडीत रानात जाऊन बसतो. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मोसम उघडत असे आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुटी असे. २०१९ साली हा मुहूर्त शनिवारवर आणला गेला. मारलेल्या हरणाचे मांस घरच्या फ्रीझरमध्ये जाते.

अशा माणसाला रायफल हवी ती खिशाला झेपणारी. पण ती अचूकही हवी, कारण नेम चुकला तर किंमत हरणाला मोजावी लागते. पोटात गोळी लागलेले हरीण झाडीत नाहीसे होते आणि तासन् तास तडफडत मरते.

परवडणारी आणि अचूक ही दोन विशेषणे एकाच रायफलीला लावणे पूर्वी सोपे नव्हते. बोल्ट ॲक्शनची कल्पना तशी साधी. दाराच्या कडीसारखा पोलादी दांडा पुढे ढकलायचा, खाली वळवायचा, काडतूस नळीत बंद. जर्मनीच्या पाउल माउझरने १८९८ साली तिला जे रूप दिले, त्याच्यापुढे फार कोणी गेलेले नाही. खर्च होता तो जुळणीत. नळीची मागची बाजू आणि बोल्टचे तोंड यांत काडतूस नेमके बसले पाहिजे. सैल राहिले तर धोका, घट्ट बसले तर बोल्ट मिटत नाही. हे अंतर कुशल कारागीर एकेक रायफल हातात घेऊन साधत असे. त्याची मजुरी किमतीत येणारच. विंचेस्टरने आपल्या नावाजलेल्या ‘मॉडेल ७०’मध्ये १९६४ साली काटकसर केली, तर जुने शौकीन आजही ‘चौसष्टपूर्वीची’ रायफल शोधत फिरतात.

मात्र १९५८ साली सॅव्हेज कंपनीच्या निकोलस ब्रूअरने ही गाठ वेगळ्याच रीतीने सोडवली होती. त्याच्या ‘मॉडेल ११०’मध्ये नळीवर एक मोठा नट आहे. मापाचा तुकडा आत घालायचा, बोल्ट मिटायचा, नळी त्याला टेकेपर्यंत आट्यांवर फिरवायची आणि नट आवळायचा. संपले काम! शिवाय बोल्टचे डोके वेगळे आणि किंचित हलते ठेवलेले, त्यामुळे त्याचे दोन्ही कान आपोआप सारखे टेकतात. दिसायला हा नट म्हणजे नळाच्या जोडासारखा, आणि रसिकांनी त्याला नाके मुरडलीही. पण कागदावर गोळ्या जवळजवळ पडत, त्याला काय करणार? १९८८च्या दिवाळखोरीतून ही कंपनी वर आली ती याच मॉडेलच्या आधाराने. कोर्टकज्ज्यांच्या भीतीने कारखानदार चाप जड ठेवत आणि जड चाप ओढताना नेम हलतो. सॅव्हेजने २००२ साली चापाच्या मधोमध एक पातळ पाते बसवले. ते दाबल्याशिवाय चाप सुटत नाही, म्हणून तो हलका ठेवता येतो. नंतर आलेल्या ‘रूगर अमेरिकन’मध्ये नटही आहे आणि पातेही. पाचशे डॉलरच्या आसपास आज अशी रायफल मिळते. दस्ता प्लॅस्टिकचा आणि दिसायला भिकार, पण पावसात फुगत नाही.

आता थोडा हिशेब. शंभर यार्डांवर एका इंचात गोळ्या टाकणारी रायफल उत्तम समजतात. पण हरणाचे काळीज आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंचांचे लक्ष्य असते. दीड इंचाची सामान्य रायफल दोनशे यार्डांवर तीन इंचांत राहील, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा मोकळीच. उरलेला अर्धा इंच कमी करायला हजार डॉलर जास्त मोजणारे गृहस्थ उभ्याने नेम धरतात तेव्हा त्यांचा हात याच्या कितीतरी पट हलतो. आणि मॅग्नमचा हट्ट तर हवाच कशाला? तिचा धक्का खांद्याला एकदा बसला की पुढच्या वेळी बोटाच्या आधी डोळे मिटतात. .३०८ पुरे; सडपातळ माणसाला .२४३ही हरणासाठी चालते.

दुकानात दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. नळी आणि दस्ता यांच्यामधून डॉलरची नोट सरकते का? अडली, तर नळी तापल्यावर नेम बदलू शकतो. दुसरे, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी. डोळे उघडल्यावर दुर्बिणीतून पूर्ण वर्तुळ दिसले, तर दस्ता अंगाला बसला. वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीवर, तिच्या पकडींवर आणि काडतुसांवर घालावेत. १९३७पासून रायफल आणि काडतुसांवरच्या अकरा टक्के करातून तिथल्या वन्यजीवांच्या संगोपनाला पैसा मिळतो, हेही जाता जाता सांगायला हवे.

सरावाला महागडे लक्ष्यफलक नकोत. जेवणाची कागदी थाळी झाडाच्या उंचीवर नव्हे, मातीच्या बांधापुढे लावावी, आणि मेजावर रायफल टेकून नव्हे तर गुडघ्यावर बसून पाच गोळ्या झाडाव्यात. पाचही थाळीत पडल्या की थाळी पंचवीस यार्ड मागे न्यावी. जिथे पाचवी बाहेर जाईल, त्याच्या अलीकडचे अंतर त्या मोसमापुरते आपले.