बनावट अनुबोधपट आणि खरी माणसे

जुलै १९९९ मध्ये अमेरिकेतील सायफाय या दूरचित्रवाणी वाहिनीवरून ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ हा पाऊण तासाचा कार्यक्रम दाखविण्यात आला. मेरीलंड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या अरण्यात १९९४ साली चित्रीकरणासाठी गेलेले तीन विद्यार्थी परतलेच नाहीत, सापडल्या त्या केवळ त्यांच्या चित्रफिती, अशी त्यातील हकीकत. इतिहासाचे जाणकार, पोलीस अधिकारी, बेपत्ता मुलांचे आप्त पडद्यावर येऊन साक्ष देत होते. १७८५ साली चेटकीण ठरवून हाकलून दिलेली एली केडवर्ड आणि पुढे १९४० च्या सुमारास सात मुलांचे बळी घेणारा रस्टिन पार यांचा इतिहासही पुराव्यांनिशी मांडला होता. हे सर्व पुरावे रचलेले होते. काही दिवसांतच ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा भयपट प्रदर्शित व्हावयाचा होता आणि हा कार्यक्रम म्हणजे त्याची नांदी होती.

डॅनिअल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी मूळ चित्रीकरण ऑक्टोबर १९९७ मध्ये अवघ्या आठ दिवसांत उरकले. मुलाखती, जुने वृत्तपट वगैरे सामग्री चित्रपटातच गुंफावी, असा त्यांचा प्रारंभीचा विचार होता. तो सोडून त्यांनी ही सामग्री चित्रपटाबाहेर काढली. परिणामी चित्रपटात चेटकीण एकदाही दिसत नाही. तिचा दोनशे वर्षांचा इतिहास प्रेक्षक घरूनच मनात घेऊन येतो. कलादृष्ट्या हा निर्णय अचूक होता, हे मान्य केलेच पाहिजे.

ही युक्ती फळली, कारण अनुबोधपटाच्या आवाजावर विश्वास ठेवण्याची आपल्याला सवय लागलेली असते. आपल्याकडेही मुख्य चित्रपटापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट लागे. तो कंटाळवाणा असेल, पण त्यातील निवेदक खोटे सांगत असेल अशी शंका कोणास येत नसे. मेरीलंडच्या या कथेत चाळिशीतील कृष्णधवल वृत्तपट आणि सत्तरीतील दूरचित्रवाणी कार्यक्रम यांचे रंगरूप हुबेहूब उतरविले होते. प्रेक्षकाने विश्वास ठेवला तो चेटकिणीवर नव्हे, त्या जुनाट फिल्मवर.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. कल्पिताला दस्तऐवजाचा वेष चढविण्याची चाल जुनीच आहे. डॅनिअल डीफोने १६६५ च्या लंडनमधील प्लेगची ‘रोजनिशी’ १७२२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्या साथीच्या वर्षी तो स्वतः चार-पाच वर्षांचा होता, हे तिच्या वाचकांना कोठे ठाऊक होते? प्रेक्षक फसला, घाबरला आणि पैसे वसूल झाले म्हणून घरी गेला, तर त्याच्या वतीने गळा काढण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निराळाच. कथा कल्पित असली, तरी तिच्यातील काही नावे खरी होती.

बेपत्ता म्हणून दाखविलेल्या तीन नटांनी भूमिकांतही स्वतःचीच नावे वापरली होती. त्यांना काही काळ लोकांच्या नजरेआड राहावे लागले. चित्रपटविषयक माहितीच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर त्यांची नोंद ‘बेपत्ता, मृत समजण्यात येते’ अशी होती. हेदर डोनाह्यू या अभिनेत्रीच्या आईकडे लोकांची सांत्वनपत्रे आली. आर्टिझन कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरला घेतलेल्या या चित्रपटाने जगभरात २४ कोटींहून अधिक डॉलर मिळविले. आपला योग्य मोबदला मागणारे खुले पत्र या तिघांना २०२४ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर लिहावे लागले. बर्किट्सव्हिल हे दोनशेहूनही कमी वस्तीचे खरेखुरे गाव. तेथे हौशी शोधकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्या चोरीस गेल्या. ज्या चेटकिणीची दंतकथा तेथे कधी नव्हतीच, तिचा पत्ता सांगण्याची पाळी गावकऱ्यांवर आली.

तरीही मेरीलंडमध्ये खरोखर कोणी हरवले नव्हते. अलास्कातील नोम शहराची गोष्ट तशी नाही. तेथे अनेक वर्षांत माणसे खरोखर नाहीशी झाली. त्यांत स्थानिक आदिवासी बहुसंख्य होते. अशा सुमारे दोन डझन घटना तपासून अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने २००६ च्या सुमारास निष्कर्ष काढला की, मद्य आणि कडाक्याची थंडी हीच प्रमुख कारणे दिसतात. २००९ मध्ये ‘द फोर्थ काइंड’ या चित्रपटाने याच शहरातील बेपत्ता प्रकरणांचा संबंध परग्रहवासीयांशी जोडला आणि नटांनी केलेली दृश्ये मूळ ध्वनिचित्रमुद्रण म्हणून दाखविली. प्रसिद्धीसाठी तर अलास्कातील खऱ्या वृत्तपत्रांच्या नावांनी बनावट बातम्या तयार करण्यात आल्या. वृत्तपत्रे खवळली, तडजोड होऊन युनिव्हर्सल कंपनीने अलास्का प्रेस क्लबला २० हजार डॉलर दिले. वृत्तपत्रांच्या नावाची किंमत अशी निदान ठरविता तरी आली. नोममधील ज्या घरांतून माणूस गेला आणि पुन्हा दिसला नाही, त्या घरांचे नाव मात्र त्या तडजोडीत कोठेच नव्हते.