कृषी सेवा केंद्र थाटताना दुकानावर किती खर्च करावा?



आपल्या भडगाव तालुक्यात शेतकी शिकलेला मुलगा बियाणे, खते, औषधे किंवा ठिबक संचाची एजन्सी घ्यायची म्हणतो. आखाजीचा मुहूर्त ठरतो. वडील कापसाचे पैसे काढून देतात, आई अंगावरचे सोने देते. त्यातले किती पैसे फळ्या, काचा आणि रंगात घालायचे, हे सुताराला बोलावण्याआधी कागदावर मांडा.

खर्चाचे तीन भाग करा.

पहिला भाग कायद्याने लागणारा. परवाना दर्शनी जागी हवा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे साठा व भाव दाखवणारा फलक लावावा लागतो, पावती द्यावी लागते. खतविक्रीला पॉस यंत्र लागते. कीटकनाशके वेगळ्या खोलीत किंवा कुलपाच्या कपाटात ठेवावीत, असे १९७१ चे नियम सांगतात. यात काटकसर नको.

दुसरा भाग माल जपणारा. गळके छप्पर, ओल धरणारी भिंत आणि खचलेली फरशी मृगाआधी दुरुस्त करून घ्या. गोण्यांखाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर जागा सोडा. युरियाला ओल लागली की त्याचे ढेकूळ होते, बियाण्याला लागली की उगवण घटते.

तिसरा भाग शोभेचा. काचेचे काउंटर, नक्षीचे छत, दिव्यांचा फलक. हे सारे पहिल्या हंगामाच्या नफ्यातून करता येते.

आता हिशेब पाहा. गाळा पाच वर्षांच्या कराराने घेतला आणि भिंतीला कायमचे चिकटणारे काम ९०,००० रुपयांचे केले, असे समजा. वर्षाला १८,००० आणि महिन्याला १,५०० रुपये त्यापायी गेले. सर्व खर्च वजा जाता गोणीमागे १५ रुपये उरले, तर दरमहा १०० गोण्या फक्त या कामाच्या भरपाईसाठी विकाव्या लागतील. भाडे सोडताना हे काम गाळेमालकाकडेच राहते. म्हणून करारात लिहून घ्या की कोणते काम मालक करील आणि आपण काय उचलून नेऊ शकतो. कपाटे व मांडण्या सुट्या करून घेतल्या तर त्या आपल्याच राहतात.

कंपनीने ठरावीक रंग, फलक किंवा मांडणीची अट घातली असेल, तर तो खर्च कोणाचा आणि एजन्सी सुटल्यास अनामत परत कधी मिळेल, हेही लेखी घ्या.

खरी ओढाताण जूननंतर होते. गिऱ्हाईक कापूस विकेपर्यंत उधार मागते, कंपनी मात्र रोख मागते. हातातला पैसा सजावटीत अडकला असेल, तर ऐन पेरणीत दुकान रिकामे राहते आणि गिऱ्हाईक पाचोऱ्याची किंवा चाळीसगावची वाट धरते. म्हणून हंगामाचे भांडवल आधी बाजूला काढा. सुतार-गवंड्याचा खर्च अंदाजापेक्षा वाढतोच, त्यासाठी दहा टक्के वेगळे ठेवा.

वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली जळगावात सात हजार रुपयांवर रॉकेलविक्री सुरू केली आणि मग एकेक एजन्सी जोडत नेली. हे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच आहे.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांना बसवा, सोने देणाऱ्या माउलीलाही बसवा, आणि हे तीन रकाने वहीत आखा.