पानांचा रंग का बदलतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या वास्तव्यात तेथील तीन शरद ऋतू येऊन गेले. हा इतिहास शिकविताना विद्यार्थी आम्हांस विचारतात, तिकडची झाडे लाल-पिवळी का होतात?

यात चमत्कार काही नाही. सप्टेंबरमध्ये दिवस लहान होत जातो. झाडास ती हिवाळ्याची सूचना असते. पानात नवे हरितद्रव्य तयार होणे थांबते व असलेले विघटन पावते. नत्र, स्फुरद यांसारखी मोलाची द्रव्ये झाड परत फांद्यांत घेते. हिरवा रंग ओसरताच मुळातच दडलेला कॅरोटिनॉइडचा पिवळा रंग दिसू लागतो. मेपलचा लाल रंग मात्र नवा असतो. पानातील साखरेच्या आधारे अँथोसायनिन बनते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री हिमरहित गारवा लाभला तर तो अधिक खुलतो. उत्तरेकडील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात हा बहर सप्टेंबरअखेरीस येतो, न्यूयॉर्क शहरात सुमारे महिनाभराने. पुढे देठाशी पेशींचा थर तयार होऊन पान गळते. जमीन गोठल्यावर पाणी मिळणे कठीण. तेव्हा रुंद पाने राखणे झाडास परवडत नाही.

जे घडते ते कारणांनी घडते, ही तथागतांची शिकवण. ज्या समाजास शतकानुशतके प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्याची मुले आज 'का?' असे विचारतात. पालकांनी घरीही हा प्रश्न थांबवू नये, एवढीच आमची विनंती.